सूर्य जेव्हा 'ती' होता

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आमच्या घराजवळच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी जुन्या इंग्रजीचा मोफत वर्ग सुरू झाला. जुनी म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची. मी हौसेनं नाव घातलं आणि पंधरा वर्षांच्या लेकीलाही ओढून नेलं. नंतर पॅनकेक खायचे, या बोलीवर ती आली.

त्या दिवसांत आमचं दोघींचं मराठीवरून वाजलं होतं. ती इथेच जन्मलेली. 'माझा चप्पल', 'मोठी घर' असलं काही बोलली की मी लगेच सुधारायचे. शेवटी वैतागून ती पुण्याच्या आजीशीही फोनवर इंग्रजीतच बोलायला लागली.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, खणखणीत आवाजाच्या. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि मूल यांचे जुने इंग्रजी शब्द लिहून म्हणाल्या, "पूर्वी आमच्याकडे प्रत्येक नामाला लिंग होतं. सूर्य ती, चंद्र तो, मूल ते."

वर्गातले इंग्रज आजी-आजोबा भांबावले. "हे लक्षात कसं ठेवायचे लोक?" एका आजोबांनी विचारलं.

मी हात वर केला. "आमच्या मराठीत अजून तिन्ही आहेत. आमच्याकडेही ते मूलच!"

बाई खूश झाल्या. लेकीनं मात्र विचारलं, "मग इंग्लिशमधून ते सगळं गेलं कुठे?"

"नक्की कुणालाच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण समुद्रापलीकडून व्हायकिंग आले, इथेच राहिले, इथल्यांशी लग्नं केली. दोन्ही भाषांत बरेच शब्द सारखे, त्यांचे शेवट तेवढे वेगळे. घरात, बाजारात बोलता बोलता ते शेवट झिजले असावेत."

लेक गर्रकन माझ्याकडे वळली. "आई, म्हणजे मी चुकत नाहीये. मी व्हायकिंग आहे!"

हे ती इंग्रजीत आणि भलतीच मोठ्यांदा बोलली. अख्खा वर्ग हसला. मीही.

पॅनकेक खाताना तिनं माझीच परीक्षा घेतली.

"काटा?"

"तो."

"बशी?"

"ती."

"टेबल?"

"ते."

"पण का?"

जन्मभर मराठी बोलले, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "असंच," मी म्हटलं.

"दॅट्स नॉट अ रीझन, आई."

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, माझी नवीन ड्रेस बघ!" लेक मराठीत म्हणाली. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"अगंबाई, किती छान आहे गं तुझी ड्रेस!" आजी म्हणाली.

मग दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. मी आपला चहा टाकला.