लाल यादीतला लाभ

आकडे तपासणाऱ्या माणसाकडे किस्से कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं! पण आमच्या तंजावुरातल्या ऑफिसात ते साचत गेले. एक सांगितला की दुसरा हात वर करतो. शेवटचा मी फारसा कुणाला सांगत नाही. आज सांगतो.

ऑफिस म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक व्यंकटराव सार (इथं सरांना सारच म्हणतात), प्रोग्राम टेस्ट करणारी सेल्वी आणि प्रोग्राम लिहिणारा मी, सेतू. सार आणि मी इथले जुने मराठी. मी चार वर्षं पुण्यात काढली म्हणून हे असं लिहितोय, घरी असं बोललो तर आई हसते.

एका शेतकरी संघासाठी आम्ही कालव्याचा प्रोग्राम केला होता. शटरवरच्या, म्हणजे पाण्याच्या दारांवरच्या माणसानं किती शटर उघडली तो आकडा मेसेज करायचा. प्रोग्राम बेरीज करणार आणि खालच्या गावात सगळ्यांच्या फोनवर इशारा जाणार, पाण्यातून बाहेर या. तिथं बायका पायऱ्यांवर कपडे धुतात, पोरं डुंबतात. आकडा चुकला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

* * *

पापनाशमच्या अलीकडच्या शटरवर भीमराव अण्णा होते. आमच्यासारखेच मराठी, सत्तरीला टेकलेले. बोलणं संपलं की "सरि" म्हणायचे. तमिळमधलं ‘बरं’. भांडण असो, फोन असो, शेवटी सरि!

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी सकाळी ३ शटर उघडली, दुपारी आणखी २. प्रोग्रामनं जाहीर केलं, बत्तीस शटर उघडी! मी वापरलेली प्रोग्रामची भाषा अशी, की समोर आलाय तो आकडा आहे की नुसती अक्षरं, हे विचारतच नाही. अक्षरं समजून तिनं ३ ला २ चिकटवला. खालचं गाव बोचकी घेऊन रस्त्यावर आलं.

सार स्कूटरवरून गेले. शटर मोजली, सहा.

"अण्णा, बाकीची सव्वीस कुठं आहेत?"

"तुमच्या पेटीत असतील, सार. इथं साच आहेत. सरि."

त्या दिवसापासून मी दारावर पहारा बसवला. नंबर असेल तरच आत. नसेल तर स्क्रीनवर लाल यादीत.

* * *

पुढं अण्णा लग्नाला ओरत्तनाडूला गेले. शटरवर कुणीच नव्हतं. तरी प्रोग्राममध्ये त्यांचा आकडा आला, शून्य! खिशातला फोन दाबला जाऊन रिकामा मेसेज गेला होता, आणि आमची भाषा रिकाम्याला शून्य मानते.

मी फोनवर म्हणालो, "अण्णा, काही बिघडलं नाही. रिकामं काय, शून्य काय, एकच."

"एक कसं रे? शून्य मणजे मी पाहिलं आणि काही नव्हतं. रिकामं मणजे मी तिथं नव्हतोच."

मी फोन ठेवला. मग रिकाम्यालाही लाल यादीत पाठवलं.

* * *

सेल्वीला माझा पहारा फोडण्यात भारी मजा. तिनं एकदा शून्याला शून्यानं भागलं. भाषेनं उत्तर दिलं, ‘नंबर नाही’. आणि माझ्या पहाऱ्यानं त्याला सरळ आत घेतलं!

मी भाषेला विचारलं, हा ‘नंबर नाही’ कोणत्या जातीचा? उत्तर आलं, नंबर.

मग सेल्वीनं त्याची त्याच्याशीच तुलना केली. तू तूच आहेस का? उत्तर आलं, नाही.

भरदुपारी आम्ही दोघं स्क्रीनवर वाकलो. मागून सार म्हणाले, "असा एक माणूस आमच्या गल्लीत होता. शेवटच्या दिवसांत. नावानं हाक मारली की मणायचा, तो बाहेर गेलाय."

सेल्वीनं खुर्ची भिंतीला लावून घेतली. मी नियम वाढवला, जो स्वतः स्वतः नाही त्याला आत घ्यायचं नाही.

* * *

आता पहारा पक्का. तरी अण्णांच्या शटरवरून लाल यादीत ओळी येऊ लागल्या. तमिळ अक्षरांत एकच शब्द, ‘लाभ’.

मी तिथं गेलो. अण्णा खुलासा करायला तयारच होते. "माझ्या बापानं जन्मभर भात मापलं. पयलं माप लाभ, मग दोन, मग तीन. एक मणू नये. एक मणालं की तितक्यावरच सरतं."

"अण्णा, मशीनला लाभ कळत नाही."

"मग शिकव तिला. मी म्हातारा, ती नवी."

एका ओळीचं काम होतं. पण मी आधीच चिडलेला. एकाला सवलत दिली की उद्या दुसरा अंगठ्याचं चित्र पाठवेल! मी म्हणालो, "नंबर म्हणजे नंबर, अण्णा. लाभ चालणार नाही."

ते उठून शटरकडे गेले. नंतर त्यांच्याकडून एक कधीच आला नाही. आम्हाला वाटलं, सुधारले. मग कळलं, एकच शटर उघडणं त्यांनी बंद केलं होतं. उघडली तर दोन!

त्या दिवशी ते ‘सरि’ म्हणाले नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

* * *

आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, अण्णा गेले. शटरजवळच, बसल्या जागी. त्यांची मुलगी रुक्मिणी खालच्याच गावात राहते. त्यांचा फोन तिनं ट्रंकेत ठेवला. शटरवर मुरुगन आला. शिकलेला, नीटस. त्याचे आकडे असे स्वच्छ यायचे, की लाल यादी महिनाभर कोरी राहिली. मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

मग एका सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सेल्वी म्हणाली, "सेतू सार, इकडे या."

लाल यादीत एक ओळ होती. लाभ.

फोन नंबर अण्णांचा. खरं तर तो आम्ही काढून टाकलेला. वर मुरुगनचा सकाळचा मेसेज, शून्य, हिरवा, पास झालेला. मी मुरुगनला फोन केला. तो शटरवरच उभा होता. सहाही बंद, म्हणाला.

व्यंकटराव सार चष्मा पुसून पुन्हा वाचत होते. "इशारा सोड."

"सार, चेक फेल आहे. नंबरच नाही तो."

"तुझा चेक नवा. भीमराव जुना. सोड मणतो ना!"

 मी हातानं इशारा सोडला. एक शटर उघडं, पाण्यातून बाहेर या.

साडेदहाला मुरुगनचा फोन. पहिल्या शटरची साखळी तुटली होती, आपोआप, आत्ता. पाणी सुटलं होतं. खाली रुक्मिणी आणि आणखी काही बायका पायऱ्यांवरून नुकत्याच वर चढल्या होत्या. कपडे वाहून गेले, माणूस एकही नाही.

दुपारी मी रुक्मिणीकडे गेलो. मेसेजचं सांगताच तिनं ट्रंक उघडली. फोन एकीकडे, बॅटरी एकीकडे, सिम कागदाच्या पुडीत दोऱ्यानं बांधलेलं. गाठ तिचीच.

तिनं एकच विचारलं, "लाभ लिवलं होतं? एक नोहे?"

"लाभच."

मला तिच्याकडे बघवेना. एक ओळ लिहायची होती, मी ती अण्णांना नाकारली होती. ऑफिसात परत येऊन, उभ्यानंच लिहिली. लाभ आला, तर एक समज.

सेल्वीनं तपासलं. लाभ हिरवा झाला, पास!

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल यादीत एकच ओळ होती, अण्णांच्याच नंबरावरून.

‘सरि.’