हाताची घडी, तोंडावर बोट

आमचे मालक, संपतराव, चौथी शिकले. ती बी छड्या खाऊन. वारज्यात आमच्या शेतावर बिल्डिंगा उठल्या, बैलं गेली अन् माणूस रिकामा झाला. मग नात वल्लरी, हाच त्यांचा उद्योग. पोरगा-सून हिंजवडीला कामाला, त्यांना मरायला फुरसत न्हाई. म्हणून तिच्या बालवाडीच्या पालकवर्गाला आम्ही म्हातारा-म्हातारी.

तिथं सगळं उलटंच. पोरांना भरवू नका, सांडू द्या. मालक माझ्या कानात म्हणले, "सांडू द्या? मग आपण कशाला हाय गं?" मला तरी काय ठाऊक!

पण खरा घोर वेगळाच. वल्लरीची घरी नुसती टकळी, शाळेत मात्र चकार शब्द न्हाई. रोज ओली चड्डी घेऊन घरी येती. तिच्या वर्गाच्या सुनीतीबाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बोलली नाही, तर डॉक्टरांना दाखवा." मालकांचं जेवणच सुटलं. दृष्ट काढली, नारळ बोलले. कुणी म्हणलं वेखंड चाटवा, कुणी म्हणलं घरात इंग्रजी बोला. ह्यांची इंग्रजी म्हंजे, कप्पाळ माझं! डोकं पार चक्रावलं.

एक दिवस पालकवर्गात बाईंनी विचारलं, "आबा, घरी तिच्याशी काय खेळता?"

मालक खुलले. "शाळा-शाळा! मी गुरुजी. आधीपासनं तयारी करून घेतलीय." अन् तिथंच ताठ होऊन ओरडले, "हाताची घडी!"

वल्लरी कोपऱ्यात ठोकळे रचत व्हती. ठोकळे टाकून मांडी घातली, एक हात दुमडला अन् तोंडावर बोट. मालक कौतुकानं चौफेर बघाय लागले.

"मग ती बोलते कधी?" बाईंनी हळूच विचारलं.

"शाळा सुटल्यावर. घंटा म्हणून मी ताट वाजवतो, मग..." मालक अडखळले. माझ्याकडं बघत ऱ्हायले. अगं बया! पोर शहाण्यासारखी आबाचं ऐकत व्हती, अन् आम्ही तिची दृष्ट काढत बसलो.

मालक तिच्याम्होरं खाली बसले. "वलू, शाळेत बोललं तरी चालतंय. आबा सांगतोय." पोरीनं एकदा बाईंकडं बघितलं, एकदा आबाकडं. बोट काही निघंना. खरं कंचं, हे तिला तरी कसं कळावं?

शेवटी मालकांनी खाऊची ताटली घेतली, चमच्यानं वाजवली. "शाळा सुटली!"

बोट निघालं.

"आबा, शू लागलीय. कधीची लागलीय."