'घ्या' म्हणायला शिकवणारे दामूकाका

पहिल्या रविवारी दामूकाकांनी मला रिमोटच्या विमानाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. मी सकाळी सकाळी रोह्याहून धूळ खात जोह्याच्या खारजमिनीवर पोहोचले, तर हे गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात रिमोट घेऊन उभे. नाव नाही, गाव नाही, म्हणाले, "घ्या म्हण." मी पुटपुटले, "घ्या." "भाजीवालीशी बोलतेस काय? जोरात गो!" दहा वेळा "घ्या!" म्हणून केकाटले तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. चाळिशीत विमानं उडवायचं खूळ सुचल्याबद्दल मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

त्या ओरडण्याला कारण होतं. शिकवताना रिमोट दोन असत, एकमेकांना वायरने जोडलेले. काकांनी आपल्या रिमोटवरचं बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात, बोट उचललं की परत काकांच्या. विमान आपल्याला आवरत नाही असं वाटलं की "घ्या" म्हणायचं. काका बोट उचलून ते सावरायचे. रागवायचे मुळीच नाहीत. एवढंच म्हणायचे, "टायमाला बोललीस."

त्यांचा धंदा मात्र वेगळाच, मूर्तींच्या आखणीचा, म्हणजे गणपतीचे डोळे काढण्याचा. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्ती शेकड्यांनी तयार होतात, पण डोळे काढणारे हात मोजके, आणि दामूकाकांचा हात लागावा म्हणून कारखानदार थांबून राहायचे. मूर्ती न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने मुलाचं मोडकं विमान त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकलं आणि परत न्यायला तो आलाच नाही. तिथून हे वेड. पुढची विमानं काकांनी मूर्तींच्या पॅकिंगच्या थर्माकोलमधून स्वतः कापली. वरून पिवळी, खालून काळे पट्टे, म्हणजे आकाशात उलटसुलट कळावं. मी एकदा विचारलं, "काका, एवढ्या गणपतींना डोळे काढता, मग विमानाला का नाही?" तर म्हणाले, "त्याला कशाला? बघायचंय तुला."

आमच्या कंपनीतला एक इंजिनीअर एकदा माझ्याबरोबर आला. माहिती सगळी तोंडपाठ. पण विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि तिथे भलेभले गांगरतात. काकांचा त्यावर साधा उपाय होता. "डावा-उजवा इसर. जो पंख पडतोय त्याला टेकू दे. रिमोटची दांडी त्याच बाजूला ढकल." साहेब गांगरले, घामाघूम झाले, पण "घ्या" काही म्हणेनात. काकांनीही बोट उचललं नाही. विमान गेलं थेट खाडीच्या चिखलात! काका गुडघाभर चिखल तुडवत ते घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "विमान काय, मी दुसरा बनवीन. तू येताना लाज घरी ठेवून येत जा."

गेल्या वर्षापासून काकांना एक नवी सवय लागली होती. शिकवताना सारखे विचारायचे, "आता तोंड कुठं हाय त्याचं? पंख कुठला पडला? जोरात सांग." आम्हाला वाटायचं, परीक्षा घेतायत. पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी शिकणारं कोणीच नव्हतं, काका स्वतःच उडवत होते, आणि तरीही मला विचारलं, "पंख कुठला पडला गो?" मी कंपनीत क्वालिटीला आहे. चूक दिसली की बोलल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, "काका, तुम्हाला विमान दिसत नाही."

असे भडकले म्हणता! विमान उतरवलं, खिशातून पेन्सिल काढली, काडेपेटीच्या पाठीवर केसाएवढ्या बारीक रेषेने डोळा काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हा दिसतो ना मला? मग?" जवळचं त्यांना स्वच्छ दिसत होतं, लांबचं मात्र दोन वर्षांपासून धुरकट. मोतीबिंदू आहे हे त्यांनाही कळलं होतं. "ऑपरेशन केला आणि जवळचाच गेला तर? डॉक्टर येणार हाय काय आखणीला?" मग आवाज उतरला. "कारखान्यात बोलू नकोस बाय. एकदा का डोळ्याची शंका आली, की मूर्ती कोण देणार माझ्या हातात?" मी मान हलवली आणि ती काडेपेटी पर्समध्ये टाकली. खरं सांगायचं तर त्या ऑपरेशनची मलाही भीती वाटली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. काकांनी त्यांचं सगळ्यात जुनं विमान काढलं, वायर नाही, दुसरा रिमोट नाही. मी शेजारी उभी राहिले, तोंड शिवून. विमान उगवतीकडे लांब गेलं, वळलं, आणि काकांचे अंगठे थांबले. विमानाचं तोंड खाली झुकलं. पलीकडे बांधावरून दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालल्या होत्या.

"बायका हायत काय गो तिकडं?"

"आहेत."

काकांनी रिमोट माझ्यापुढे धरला. ज्या माणसाने आम्हाला दहा-दहा वेळा ओरडायला लावलं, तो माणूस अगदी हळू म्हणाला, "घे."

मी घेतलं. विमान आमच्याकडेच तोंड करून येत होतं, एक पंख पडत होता. डावा की उजवा, देव जाणे! मी त्याला टेकू दिला. बायका पुढे निघून गेल्या, त्यांना पत्ताही नाही. विमान बांधाच्या अलीकडे धपकन उतरलं, नाकावरचा पंखा मोडला, बाकी सगळं शाबूत. मी रिमोट त्यांना परत दिला. आणि म्हटलं, "टायमाला बोललात, काका."

ते खालीच बसले. मातीची दोन-तीन ढेकळं फोडली. मग म्हणाले, "पेणला डोळ्याचा डॉक्टर बरा कुठला?"

पुढचं सांगूनच टाकते. डोळा छान झाला. आता लांबचं विमान त्यांना माझ्याआधी दिसतं, आणि आखणीला बसताना चष्मा लावतात. कारखान्यात स्वतःच सगळ्यांना सांगून आले. यंदाही आषाढात त्यांच्यासमोर मूर्तींची रांग होती.

पण मला आठवतो तो ऑपरेशनचा दिवस. मी बाहेर बाकावर बसले होते, काडेपेटीवरचा तो डोळा पर्समध्ये ठेवून. आतून एकदम कोणीतरी ओरडलं. मी धडपडत उठले. थोड्या वेळाने डॉक्टर हसत बाहेर आले.

"काका तुमचे जोरदार आहेत हो! 'सुरू करू का?' म्हणून विचारलं, तर केवढ्याने ओरडले, 'घ्या!'"