स्टेअरिंगजवळचा गिअर

आईचा डावा हात स्टेअरिंगच्या बाजूला हवेत काहीतरी शोधत होता. तिथे आता काहीच नव्हतं.

आई आमची नावं विसरली तेव्हा बाबांनी हट्टच धरला, की तिची बंद पडलेली फियाट पुन्हा सुरू करायची. "गाडीत बसली की तिला आठवेल," ते म्हणत. जुनं इंजिन जाम झालेलं, सुटे भाग मिळेनात. शेवटी गॅरेजवाल्याला हाताशी धरून आम्ही दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं. बाबांनी गंज घासला, ताईने सीटची कव्हरं शिवली, मी तोच पिस्ता रंग मारला. नव्या इंजिनाबरोबर स्टेअरिंगजवळचा गिअर मात्र खाली, दोन सीटांच्या मध्ये आला. आम्हाला ती सोयच वाटली.

"अगं, गिअर खाली आहे आता," शेजारी बसलेले बाबा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "कुणाची गाडी ही? मला घरी सोडा."

माणूस विसरतो तेव्हा सगळं एकदम जात नाही, थोडंसं हातात उरतं. आईच्या हातात तेवढंच उरलं होतं, आणि त्याचीच जागा आम्ही काढून टाकली होती. मागच्या सीटवर माझ्या शेजारी ताई रडायला लागली.

बाबांनी आपला हात स्टेअरिंगपाशी आडवा धरला. आईने त्यांचं मनगट पकडून सवयीने खाली ओढलं. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं.

"चला लवकर," आई म्हणाली, "पोरांची शाळा सुटली असेल."