घरजावयाची तूर

फालोंबे जिल्ह्यात बहुतेक पुरुष घरजावईच. शेत बाईचं, घर बाईचं, पोरंही तिच्याच कुळाची. आणि या सगळ्यांवर हुकूम चालतो तो तिच्या भावाचा, नाहीतर मामाचा. नवरा राबतो, विटा पाडून घर उभं करतो, आणि नको झाला की आपली चटई उचलून आईच्या गावी चालू लागतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फायसन मुलिवालाही वाटत नव्हतं, कारण ती पाळी दुसऱ्यांवर यायची.

एनिफाशी लग्न करून तो तिच्या गावी आला आणि बैलासारखा राबला. सासू समोरून दिसली की रीतीप्रमाणे वाट सोडून खाली गवतात उतरायचा. तीन पोरं झाली, घरावर नवं छप्पर चढलं, तरी गावात तो 'एनिफाचा नवरा'च राहिला. त्याला नावाने हाक मारायचं कुणाच्या मनातही येत नसे. हे त्याला आतून कुरतडायचं. आपल्या शब्दाला या गावात एकदा तरी किंमत यावी, एवढीच त्याची हाव होती, आणि तीच त्याला भोवली.

तूर तिथे पूर्वीपासून होती, पण मक्याच्या सरींत अधेमधे लावलेली. मग एका वर्षी भाव असा चढला की बाजाराचं तोंड न पाहिलेल्या वस्त्यांवर व्यापाऱ्यांच्या लॉऱ्या येऊन उभ्या राहिल्या. ही सगळी तूर भारतात जाते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. फायसन एनिफाच्या मामाकडे, म्हाताऱ्या लास्टनकडे गेला आणि जरा लांबच बसला.

"मामा, यंदा एनिफाच्या आणि तिच्या दोघी बहिणींच्या शेतात तूरच लावू. मका घरापुरता कोपऱ्यात. तूर विकून मका घेतला तर वर्षभर खाऊन वर छपराला पत्रे येतील."

"आणि नाही विकली गेली तर?"

"भारतात माणसं काय थोडी आहेत, मामा? रोज खातात म्हणे."

लास्टन बायकांकडे वळून हसला. "ऐका. आपले जावईबापू आता भारतातल्या चुली मोजायला लागले." पण हो म्हणाला. पत्रे त्यालाही हवे होते.

तूर आली, आणि काय आली म्हणून सांगू. शेंगांनी फांद्या वाकल्या. त्या दोन महिन्यांत लोक फायसनला नावाने हाका मारत होते. मेव्हण्या त्याला चहा विचारत होत्या. लास्टनने एकदा त्याला आपल्या शेजारी बाकावर बसवलं.

मग रेडिओवर सांगितलं, भारतात यंदा तूर उदंड झाली, बाहेरची नको. संपलं. तिकडे कुठल्याशा कचेरीत कुणी सही केली असेल आणि घरी जाऊन वरणभात जेवला असेल. इकडे बाजारातले तराजू दिसेनासे झाले. एकच व्यापारी उरला होता. त्याने असा भाव सांगितला की रिकाम्या पोत्याचे पैसेही सुटेनात. फायसन पोती सायकलवरून घेऊन गेला तशी परत घेऊन आला. मग दोन्ही वेळा उकडलेली तूर. पण न्सिमाचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा ताटात नसेल तर तिकडे कुणी जेवलो म्हणत नाही. पोरांची पोटं फुगली, ती रात्रभर कण्हायची. उरलेल्या तुरीला भुंगे लागले, आणि जानेवारीत मक्याचा भाव अंगाला हात लावू देईना.

लास्टनने सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं. फायसन खाली मातीत बसला. बोलायचं त्याने ठरवून ठेवलं होतं, पण त्याला कुणी विचारलंच नाही. मामाने एनिफालाच विचारलं, "तू बोल. नवरा तुझा."

एनिफाने पाठीवरचं पोर सावरलं. "त्याने जाणूनबुजून केलं नाही," ती म्हणाली. "पण आहे तो मका माझ्या पोरांना पुरत नाहीये. एक खाणारा कमी करायचा तर पोराला कुठे पाठवू? त्याला जायला गाव आहे."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भाव पाडणाऱ्याला घराबाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. जावयाला काढता येत होतं, म्हणून जावयाला काढलं.

दिवसभर चालून तो आईच्या गावी, बहिणीच्या घरी पोचला. इथे तो मामा होता. डोरिकाने भावाला पाहताच स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. तिचा नवरा सायझी आत येऊन जमिनीवर बसला. परसात तुरीची पोती एकावर एक रचलेली होती.

"बरा आलास, दादा," डोरिका म्हणाली. "निरोप धाडणारच होते. यानेही सगळ्या शेतात तूर लावली. घरातल्या मक्याने तळ गाठलाय. आता तू मामा आहेस, काय ते तूच बोल."

सायझीचा चेहरा जरा उजळला. "मामा, तुम्ही जाणते आहात. भाव पडला यात माझं काय चुकलं?"

काय उत्तर द्यायचं ते फायसनला तोंडपाठ होतं. वाटेभर तेच तर घोकत आला होता तो. त्याने चुलीकडे पाहिलं. डोरिका पीठ ढवळत होती, आणि भांडं लहान होतं.

"काही चुकलं नाही तुझं," तो म्हणाला. "उद्या सकाळी नीघ."

सायझी उठून बाहेर गेला. न्सिमा झाल्यावर डोरिकाने नवऱ्यासाठी काढलेलं ताट भावापुढे सरकवलं, आणि फायसनने ते चाटूनपुसून खाल्लं.