विचारून काढलेला व्हिडिओ

शाळेच्या संगणक खोलीची किल्ली माझ्याकडं असते, एवढ्या एका कारणावरून मी आमच्या शाळेतली तज्ज्ञ ठरले. त्यामुळं 'सुरक्षित मोबाइल वापर' हा तासही माझ्याच गळ्यात पडला. वरून आलेला तक्ता भिंतीला चिकटवायचा आणि वाचून दाखवायचा: ओटीपी देऊ नका, पासवर्ड सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. करमाडच्या पुढं आमचं गाव. निम्म्या पोरांकडं स्वतःचा फोनच नाही, ती पासवर्ड कुणाला सांगणार? तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात आमच्या गणिताच्या सरांचा व्हिडिओ गावभर झाला.

सर मार्चनंतर निवृत्त होणार होते. दर वाक्याच्या शेवटी 'व्हय का नाय?' विचारायची त्यांना सवय. शिकवतानाही, डबा खातानाही. वर्गातले त्यांचे नुसते 'व्हय का नाय' कापून कुणीतरी एकापुढं एक जोडले होते आणि मागं ढोलकी लावली होती. पहिल्या दिवशी सर स्वतःही हसले. मग चहाच्या हॉटेलात लोक त्यांना बघून म्हणू लागले, "व्हय का नाय, सर?" एसटीत कंडक्टरनं तिकीट देताना तेच म्हटलं. पैठणला सुनेच्या माहेरी तो व्हिडिओ पोचला, तेव्हा सरांचं हसणं संपलं. वर्गात बोलणंही संपलं. गणित फळ्यावर लिहायचं, खडू ठेवायचा आणि बाहेर पडायचं. एक दिवस मला म्हणाले, "मॅडम, रजा शिल्लक आहे. मार्चपर्यंत घेऊन टाकतो."

मला पोरांचा, गावाचा, त्या भिंतीवरच्या तक्त्याचा, सगळ्यांचाच राग आला. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि त्यांच्यासारखी भूमिती शिकवणारं आमच्याकडं दुसरं कुणी नव्हतं.

व्हिडिओ दहावीतल्या एका मुलीनं काढला होता. सर आणि मी शिक्षकखोलीत बसलो होतो, तिथं ती आपणहून आली, रडून डोळे सुजलेले. सरांच्या निरोपाच्या कार्यक्रमात दाखवायला म्हणून तिनं वडिलांच्या फोनवर, दप्तराआडून, सर शिकवत असताना काढला होता. त्यांना चकित करायचं होतं, म्हणून विचारलं नव्हतं. मैत्रिणींना दाखवावा म्हणून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून कुणीतरी उचलून त्याची चिरफाड केली.

"सर, म्या काढून टाकला," ती म्हणाली. "पण जालन्याला मावशीच्या फोनवर बी आलाय. तिथून कुठं गेला, काय माहीत."

सरांनी तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, "तू काढलेला कसा होता? म्या तो पाहिलाच नाय. दाखव की."

मुलीनं मान खाली घातली. घाबरून तिनं तोच पुसला होता, आणि तिचं बघून मैत्रिणींनीही. कापलेला व्हिडिओ गावोगाव फिरत होता. सरांसाठी मायेनं काढलेला मात्र कुठंच उरला नव्हता. तिला रागवायचं ठरवून बसले होते, ते राहूनच गेलं.

"मंग परत काढ," सर म्हणाले. "ह्या टायमाला समोरून. दप्तराआडून नको. रजेचं बघू नंतर."

दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी वर्गात मागं उभी होते. मुलीनं वडिलांचा फोन धरला आणि विचारलं, "सर, चालू करू?"

सरांनी वर्गाकडं पाहिलं. "मला इचारलंस, बरं केलंस. पण ही पोरं बी येणार ना त्यात? त्यांला इचार."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. उपक्रम झाला की आम्ही शिक्षक मुलांचे फोटो काढून वर पाठवतो, जवळजवळ रोजच. त्यांना असं विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "माझा नको, सर."

"नको तर नको. जा, मागं बस."

तिनं दप्तर उचललं, वही उचलली, खाली पडलेलं पेन शोधलं, आणि माझ्याजवळ शेवटच्या बाकावर येऊन बसली. तोवर सर खडू हातात धरून थांबले होते. ती नीट बसल्यावर म्हणाले, "आता कर चालू," आणि कितीतरी दिवसांनी वर्गात तोंडानं शिकवायला लागले.