धुतलेले पाय

"अगं बाई, ही तर बोडकी!"

मालकीणबाईंनी सुरेखाच्या डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. भर पंगतीत. नवरात्रातली अष्टमी, नऊ कुमारिका पाटावर बसलेल्या.

"असली आजारी पोर पाटावर बसवत्यात व्हय? ऊठ. माझ्या नातीला लागंल."

सुरेखा ईट गावची. माझी दवाखान्यातली मैत्रीण. आमच्या खाटा शेजारी होत्या. सुई टोचताना मी तिचा अंगठा धरायची, ती माझा. दोघी बऱ्या झालो. माझे केस आधी आले, तिचे यायचे होते. ती चार दिवस बेंबळीला आमच्याकडे राहायला आली होती. मीच हौसेने तिला त्या घरी नेलं.

माझी आई तिथे धुणीभांडी करायची. मला टायफॉईड झाला होता, असं तिने गावभर सांगितलेलं. दारातूनच तिने डोळे वटारले. गप्प बस.

मी बसले गप्प. सुरेखा उठली, रुमाल उचलला, बाहेर पायरीवर जाऊन बसली. माझे पाय तोवर धुऊन झाले होते. कुंकू लावून मालकीणबाईंनी त्यांवर डोकंही टेकवलं होतं. पानात पुरणपोळी आली. एक घास मी खाल्ला. तो घास आजही ओकून टाकावासा वाटतो.

मग उठले.

"मलाबी त्योच हुता. कॅन्सर. तुमी डोकं टेकवलंय माझ्या पायावर. आता कपाळ कशानं धुणार?"

त्या पांढऱ्याफटक पडल्या. खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटलं.

आईचं काम त्याच दिवशी सुटलं. घरी आल्यावर तिने मला बडवलं. मग भाकरी थापल्या, आणि पहिली सुरेखाला वाढली.

लोक म्हणतात, झालं गेलं, सोडून दे. बाई आता म्हातारी झाली. झाली असेल. अष्टमीला पाट अजून मांडतेच ना? मी सोडलेलं नाही. सुरेखानेही नाही. दवाखान्यातून बऱ्या होऊन आलेल्या पोरी आम्ही दोघी गावोगाव शोधत गेलो, एकमेकींशी त्यांची गाठ घालून देत गेलो. यंदा नऊ झाल्या. त्यांना सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, याल का? सोनारी गावची सगळ्यात धाकटी म्हणाली, "ताई, म्या रुमाल घरीच ठिवून येते."

या अष्टमीला नऊ जणी उघड्या डोक्याने त्या दारात उभ्या राहतील. परात आणा म्हणेन. पाय धुतले नाहीत, तर पुढच्या वर्षी येऊ. त्याच्या पुढच्याही. आणि धुतले, तरी तुमच्या पानावर एकही बसणार नाही.